क्लास ॲक्शन ‘फक्त काही मुद्द्यांपुरती’ सर्टिफाय झाली, म्हणजे भरपाई मिळणार का?

प्रश्न थोडक्यात असा: मिशिगनमध्ये तुमच्या बहिणीच्या वस्तीखालचं पाणी कारखान्याच्या रसायनांनी नासलं, रहिवाशांनी दावा लावला आणि आता ‘ठरावीक मुद्द्यांपुरता क्लास’ (म्हणजे एकत्र दावा लढणाऱ्यांचा गट) कोर्टाने मान्य केल्याची नोटीस आलीय. तिला पैसे मिळणार का?

एवढ्यावरून नाही. मी न्यू जर्सीत, वादींच्या बाजूने लढणाऱ्या एका लॉ फर्ममध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस, आहे (वकील नाही, हे ध्यानात ठेवा). असल्या नोटिसा गेल्या की फोन मी घेते. पहिला प्रश्न ‘चेक कधी?’ हाच असतो.

नेहमीच्या क्लास ॲक्शनमध्ये सगळ्यांचा अख्खा दावा एकत्र चालतो. भरपाईच्या खटल्यात त्यासाठी सामाईक प्रश्न वैयक्तिक प्रश्नांपेक्षा वरचढ असावे लागतात. विषारी पाण्याच्या दाव्यात घोडं नेमकं तिथेच अडतं. एकाच्या तळघरात रसायनांची वाफ शिरली, शेजारच्याच्या नाही. कोणी तीस वर्षं तिथे राहतोय, कोणी गेल्या दिवाळीत भाड्याने आलाय. अशा वेळी वकील फेडरल कोर्टांच्या दिवाणी नियमांपैकी 23(सी)(4) चा आधार घेतात: अख्खा दावा नाही, तर सामाईक मुद्दे तेवढे एकत्र चालवा.

ओहायोतल्या डेटनचा खटला बघा. मॅककुक फील्ड वस्तीतल्या लोकांचा आरोप होता की क्रायस्लर, बेअर, ॲरामार्क या कंपन्यांमुळे भूजलात टीसीई आणि पीसीई ही विषारी रसायनं उतरली आणि त्याची वाफ घरांत शिरायचा धोका आहे. प्रत्यक्ष इजा आणि तिचं कारण ज्याचं त्यानेच सिद्ध करायचं असतं, म्हणून कोर्टाने कंपन्यांच्या पूर्ण जबाबदारीसाठी क्लास नाकारला. पण सात मुद्दे एकत्र चालवायला परवानगी दिली: प्रदूषणात कोणाचा किती हात होता, धोका आधी ओळखता आला असता का, दोन ठिकाणचं प्रदूषण एकमेकांत मिसळलं का, वगैरे. 2018 मध्ये सिक्स्थ सर्किटने (फेडरल अपील कोर्टं काही राज्यं मिळून एक अशी असतात, त्यांना सर्किट म्हणतात) हे कायम केलं, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात हात घालायला नकार दिला. मिशिगनही याच सर्किटमध्ये येतं, त्यामुळे बहिणीची बाजू बरी आहे. टेक्सासमध्ये असती तर जड गेलं असतं. तिथल्या फिफ्थ सर्किटने 1996 च्या तंबाखू खटल्यात उलट मत दिलं, की सामाईक प्रश्न अख्ख्या दाव्यातच वरचढ हवेत; तेही एका तळटिपेत! त्या तळटिपेवर वकील अजून भांडताहेत.

मला ही पद्धत रास्त वाटते. कारखान्याने काय ओतलं हे शोधायला तज्ज्ञ आणि भूजलाच्या चाचण्या लागतात. तो खर्च एकट्या घरमालकाला झेपत नाही.

पण क्लास जिंकला तरी प्रत्येकाची लढाई उरतेच. फ्लोरिडात सिगारेट कंपन्यांविरुद्धच्या एंगल खटल्यात 2006 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 145 अब्ज डॉलरचा दंड रद्द केला आणि पुढच्यासाठी क्लासही मोडला. निकोटीनचं व्यसन लागतं, कंपन्यांनी माहिती दडवली, असे निष्कर्ष मात्र कायम ठेवले. मग हजारो लोकांनी स्वतंत्र दावे लावले, आणि आपलं व्यसन, आपला आजार ज्याने त्याने सिद्ध केला. मधेच तडजोड झाली तर मात्र हे सगळं टळू शकतं.

तेव्हा बहिणीला घराची कागदपत्रं, हवेच्या चाचणीचे अहवाल, डॉक्टरांची बिलं आत्ताच एका फायलीत लावायला सांगा. नोटिशीत क्लासमधून बाहेर पडायची तारीख असेल. ती उलटली की त्या मुद्द्यांवरचा निकाल, बाजूने लागो की विरुद्ध, तिलाही बांधील. बाहेर पडायचंच असेल तर आधी तिथल्या वकिलाला स्वतंत्र दावा लावायच्या मुदतीचं विचारा, कारण क्लासमुळे थांबलेलं मुदतीचं घड्याळ बाहेर पडताच पुन्हा सुरू होतं.