वाचकांचे प्रश्न : संगणकावरील फाइली आणि होम थिएटरचा आवाज

प्रश्न : आमच्या संगणकावर चित्रपट, घरच्या कार्यक्रमांच्या चित्रफिती आणि जुनी शास्त्रीय ध्वनिमुद्रणे साठवलेली आहेत. संगणकाच्या मागच्या हिरव्या जॅकमधून निघणारी वायर लाल-पांढऱ्या पिनांनी ५.१ (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) होम थिएटरच्या ऑक्सला, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या जोडणीला, जोडली आहे आणि विंडोजमध्ये ५.१ स्पीकर निवडले आहेत. तरीही पार्श्वसंगीत मोठ्याने येते आणि संवाद जेमतेम ऐकू येतात. पेन ड्राइव्ह थेट संचाला लावल्यास काही चित्रपटांचे चित्र दिसते, पण आवाज येत नाही; एक मोठी फाइल तर पेन ड्राइव्हवर कॉपीच होत नाही. नवा संच घ्यावा का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : नवा संच घेण्याची घाई करू नये. आपण लिहिलेली लक्षणे जोडणीच्या दोषाची आहेत. चित्रपटाच्या ५.१ ध्वनिपट्टीत संवाद प्रामुख्याने मधल्या स्पीकरच्या वाहिनीत, म्हणजे त्या स्पीकरसाठीच्या स्वतंत्र ध्वनिप्रवाहात, असतात. विंडोजमध्ये ५.१ निवडल्यावर संगणक सहाही वाहिन्या वेगळ्या करतो. त्यांपैकी पुढच्या डाव्या-उजव्या दोनच हिरव्या जॅकमधून बाहेर पडतात, मधली वाहिनी आणि सबवूफर सहसा नारिंगी जॅककडे, तर मागच्या दोन काळ्या जॅककडे जातात. त्या जॅकना काहीच जोडलेले नसल्यामुळे संवाद संगणकाबाहेर जवळजवळ येतच नाहीत. हीच वायर ठेवायची असेल, तर विंडोजमध्ये ‘स्टीरिओ’ निवडावे, म्हणजे सहा वाहिन्या दोनांत मिसळून येतील आणि संवाद लगेच स्पष्ट होतील.

खरा ५.१ आवाज हवा असेल, तर एचडीएमआय केबल वापरावी. संचाच्या मागे ‘एचडीएमआय इन’ असल्यास संगणक तेथे जोडून पुढे टीव्हीला केबल न्यावी. याहून चांगली जोडणी नाही. अनेक संचांना मात्र केवळ ‘एचडीएमआय आउट’ असते आणि त्याशेजारी ‘एआरसी’ (ऑडिओ रिटर्न चॅनल, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच केबलने संचाकडे परत आणणारी सोय) असे लिहिलेले असते. अशा वेळी संगणक टीव्हीला जोडून टीव्हीच्या एआरसी पोर्टमधून आवाज संचाकडे आणावा लागतो. २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आलेला हा मार्ग अरुंद आहे : डॉल्बी डिजिटलसारखा दाबून लहान केलेला ५.१ आवाज त्यातून जातो, पण न दाबलेला, म्हणजे पीसीएम स्वरूपातला आवाज दोनच वाहिन्यांचा जातो. ऑप्टिकल केबललाही हीच मर्यादा आहे. म्हणून टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये पीसीएमऐवजी ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पासथ्रू’ (दाबलेला आवाज न उलगडता जसाच्या तसा पुढे पाठवणे) निवडावे आणि संगणकावरील व्हीएलसी किंवा कोडी या प्लेअरमध्येही पासथ्रू सुरू करावे. एमपी४ फाइलींतला आवाज बहुधा एएसी या दाबण्याच्या वेगळ्या पद्धतीचा असतो व तो या वाटेने ५.१ म्हणून पोहोचत नाही. कोडीमध्ये वाहिन्यांची संख्या २.० ठेवून डॉल्बी डिजिटल ट्रान्सकोडिंग (फाइल वाजत असतानाच आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये बदलणे) सुरू केल्यास ही अडचणही दूर होते. फाइलींचे रूपांतर करत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपे आहे.

पेन ड्राइव्हच्या दोन तक्रारींची कारणे वेगळी आहेत. आपला पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा, आणि त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. संचाच्या माहितीपुस्तिकेत एक्सएफएटी किंवा एनटीएफएसचा उल्लेख असेल, तर आतील मजकूर आधी दुसरीकडे उतरवून त्या पद्धतीने फॉरमॅट करावे. आवाज न येण्याचे कारण असे की, चित्रपटांच्या फाइलींचा एमकेव्ही हा प्रकार नुसता डबा आहे; आत चित्र एका कोडेकचे (दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतीचे) आणि आवाज दुसऱ्याच कोडेकचा असू शकतो. संचाला चित्र उलगडता येते, आवाज उलगडता येत नाही. फाइलीत दुसरी ध्वनिपट्टी असल्यास रिमोटवरील ‘ऑडिओ’ बटणाने ती निवडून पाहावी. नसल्यास ती फाइल संगणकावरूनच लावावी.

जुन्या ध्वनिमुद्रणांविषयी मात्र माझे आग्रहाचे सांगणे आहे की, ती पाचही स्पीकरवर पसरवू नयेत. आपल्याच शहरात दरबारगायक असलेले उस्ताद फैयाज खाँ १९५० साली निवर्तले, तेव्हा स्टीरिओ तबकड्या बाजारात आलेल्याही नव्हत्या. त्यांचे गाणे एकाच वाहिनीत मुद्रित झालेले आहे. संचातील ‘सराउंड’ परिणाम त्यात खोटा घुमारा मिसळतो आणि बोलतानांचे (शब्दांसह घेतलेल्या तानांचे) शब्द अस्पष्ट करतो. अशा वेळी ‘स्टीरिओ’ निवडून पुढचे दोनच स्पीकर वाजू द्यावेत.

प्रश्न : संगणक जोडला की होम थिएटरमधून सतत घुंईं असा आवाज येतो; वायर काढली की तो थांबतो.
– एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : दोन्ही उपकरणे वेगवेगळ्या सॉकेटवर असल्यास अर्थिंगच्या तफावतीमुळे असे घडते. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून पाहावीत. टीव्हीला केबलची तार जोडलेली असेल, तर तीही क्षणभर काढून पाहावी, कारण पुष्कळदा घुंईं तेथूनच येते. तरीही आवाज राहिल्यास ऑक्सच्या वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थिंगच्या तफावतीमुळे येणारी घुंईं अडवणारे छोटे उपकरण) बसवावा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कदापि काढू नये. त्यात विजेचा धक्का बसण्याचा धोका आहे.