तुमचं ताट, तुमचे प्रश्न : मटण सोडू की भात कमी करू?

श्रावण संपत आला की या कॉलमला एकाच प्रकारची पत्रं यायला लागतात. महिनाभर बंद होतं, बरं वाटतंय, मग कायमचंच सोडू का? आणि दुसऱ्या बाजूने, डॉक्टर व्हिटॅमिन बी-१२ कमी आहे म्हणतात, मग आता आम्ही काय अंडी खायची का? या वेळी इतकी आली की अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. पत्रं लांबलचक होती, कापून छोटी केलीयेत, नावं काढलीयेत.

प्रश्न : मॅडम, माझं माहेर कोल्हापूरचं, बुधवार-रविवार मटण ठरलेलं. सासर पुण्यातलं, पूर्ण शाकाहारी, घरात अंडंसुद्धा येत नाही. गेल्या वर्षी माझ्या बाबांची बायपास झाली तेव्हापासून सासूबाईंचं एकच, बघ, मटणाने हे असं होतं. पण आता आमच्या मिस्टरांचे रिपोर्ट आलेत. वय ३९, शुगर बॉर्डरला, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) वाढलेले, बी-१२ एकदम खाली. त्यांनी आयुष्यात मांसाला हात लावलेला नाही. मग हेल्दी नक्की काय? आणि चार वर्षांच्या मुलाला अंडं द्यायचं की नाही यावरून रोज वाद होतात ते वेगळंच. (कोथरूड, पुणे)

उत्तर : ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं की तुमच्या दोघींचंही अर्धं-अर्धं बरोबर आहे. बाबा मटण खाऊन बायपासपर्यंत पोचले, जावई न खाता शुगरपर्यंत पोचले, मग दोघांच्या ताटात सारखं काय होतं ते आधी बघूया ना. भात, पोळी किंवा भाकरी, दोन-तीन वेळा साखरेचा चहा, त्याबरोबर बिस्किट नाहीतर फरसाण, आणि दिवसभर खुर्चीत बसणं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरातल्या मोठ्या पाहणीचा आहारावरचा भाग २०२५ मध्ये आला, त्यात भारतीयांच्या एकूण कॅलरीतल्या साधारण ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात असं दिसलं, आणि त्यातला मोठा वाटा पांढरा तांदूळ, दळलेलं पीठ आणि साखरेचा. ट्रायग्लिसराइड्स वाढायला मटणच लागतं असं नाही, जास्तीचा भात आणि गोडधोड हे काम व्यवस्थित करतात.

मिस्टरांचा दिवस मी न बघता लिहून देते, चुकलं तर कळवा. सकाळी पोहे किंवा उपमा, डब्यात चार पोळ्या आणि बटाट्याची किंवा फ्लॉवरची भाजी, संध्याकाळी चहा-खारी, रात्री वरणभात आणि परत पोळी, गुरुवारी उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी. यात प्रोटीन कुठंय? लोकांना वाटतं वरणात. अहो, आपलं पातळ वरण एक वाटी म्हणजे कोरडी डाळ जेमतेम मूठभर, त्यातून चार-पाच ग्रॅम प्रोटीन मिळतं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतं, म्हणजे ७० किलोच्या माणसाला रोजचं ५८ ग्रॅम. पोळ्यांमधून थोडं येतं, दुधातून थोडं येतं, पण गाडी ४०च्या आसपासच अडते. साबुदाण्यात तर प्रोटीन जवळपास नाहीच, त्या खिचडीची अब्रू शेंगदाण्याचं कूट राखतं.

त्यामुळे मिस्टरांनी मटण चालू करायची अजिबात गरज नाही. वरण घट्ट करा, एका जेवणाला मटकी-मूग-चवळीची उसळ भाजी म्हणून नाही तर मुख्य पदार्थ म्हणून वाढा, एक वाटी दही, कधी पनीर, कधी सोयाबीन वडी (१०० ग्रॅम कोरड्या वडीत ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, रबरासारखी लागते हे मान्य, पण रश्शात मुरली की चालते), आणि पोळ्या चारच्या दोन. भात बंद करा असं मी कुणालाच सांगत नाही, पुणेकराचा वरणभात काढून घेतला तर तो दुसऱ्या दिवशी डाएटच सोडतो.

बी-१२ चं मात्र नीट ऐका कारण इथे शाकाहाराची खरी दुखरी बाजू आहे आणि ती पुण्यातच मोजली गेलीये. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं होतं, २००६ मध्ये ते छापून आलं. ६७ टक्के लोकांचं बी-१२ कमी निघालं, आणि शहरातल्या मध्यमवर्गीयांत तर ८१ टक्के. शाकाहारी माणसाला ही कमतरता असण्याची शक्यता ४.४ पट. कारण साधं आहे, बी-१२ जंतू तयार करतात आणि आपल्याला ते प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांतूनच मिळतं, पालेभाजीत कितीही हिरवेपणा असला तरी ते नसतं. दुधात असतं, पण रोजचे २.२ मायक्रोग्रॅम भरायला अर्धा लिटर दूध लागतं आणि आपण चहातलं दूध धरून हिशोब करतो. मिस्टरांना डॉक्टर सांगतील तशा गोळ्या घ्याव्याच लागतील, आणि पातळी वर आली की "आता झालं" म्हणून सोडायच्या नाहीत.

आता बाबांकडे येते. मटण निर्दोष आहे असं मी म्हणत नाहीये. ब्रिटनमध्ये ४८ हजार लोकांना १८ वर्षं फॉलो करून केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात शाकाहारी लोकांत हृदयरोग मांसाहारी लोकांपेक्षा २२ टक्के कमी निघाला. झालं, सगळीकडे हीच बातमी फिरली. त्याच अभ्यासात शाकाहारी लोकांत स्ट्रोकचं प्रमाण २० टक्के जास्त निघालं, ते फॉरवर्ड करायला सगळे विसरले. दोन्ही टक्के ऐकायला मोठे वाटतात, प्रत्यक्षात हजार लोकांत १० वर्षांत हृदयरोगाचे दहा पेशंट कमी आणि स्ट्रोकचे तीन जास्त. शिवाय तिकडचा शाकाहारी आणि आपला शाकाहारी यांच्या ताटात काय साम्य? त्याच्या ताटात सॅलड आणि कडधान्यं, आपल्याकडे संकष्टीला साबुदाणा वडा. बाबांच्या बाबतीत मी विचारेन की तंबाखू होती का, बीपी होतं का, त्यांच्या वडिलांना हार्टचा त्रास होता का, आणि मटण किती खायचे याबरोबर तर्री किती घ्यायचे. तांबड्या रश्श्यावरचा तो लाल थर म्हणजे तेल आणि मटणाची चरबी, आणि त्याबरोबर भाताचा डोंगर. त्यांनी मटण महिन्यातून एक-दोनदा, चरबी काढून, एरवी मासे किंवा साल काढलेलं चिकन असं केलं तर माझी हरकत नाही, त्यांच्या हार्टच्या डॉक्टरांना विचारून. आणि ताई, वडिलांची बायपास झाली म्हणजे तुमचंही कोलेस्टेरॉल तपासायचं, सासूबाईंशी भांडण जिंकलं तरी.

मुलाचं अंडं. ते चांगलंच आहे, सहा ग्रॅम प्रोटीन, थोडं बी-१२, चावायला सोपं. द्यायला जमत असेल तर द्या. घरात फारच वाद होत असेल तर दूध, दही, पनीर, घट्ट वरण-तूप, शेंगदाण्याचा लाडू यावरही मूल उत्तम वाढतं, फक्त डॉक्टरांना सांगून बी-१२ कडे लक्ष ठेवायचं. ज्या घरात पनीर परवडत नाही तिथे अंड्याला पर्याय नाही, आणि म्हणूनच राज्यातल्या शाळांच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला हे मला अजिबात पटलेलं नाही. असो, विषयांतर झालं.

प्रश्न : रामकृष्ण हरी. वय ६३. दहा वर्षांपासून शुगरची मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे, ॲसिडिटीची गोळीपण रोज सकाळी. चार वर्षांपूर्वी माळ घातली, त्याआधी सगळं खात होतो. आता तळपायाला मुंग्या येतात, चालताना तोल गेल्यासारखं होतं. मुलं म्हणतात माळ घातल्यामुळे अशक्तपणा आला, अंडी खा. मी खाणार नाही, पण उपाय सांगा. (सातारा जिल्हा)

उत्तर : माउली, माळ काढायची काहीच गरज नाही. मुलांना काळजी आहे ते बरोबर, पण एका अंड्यात बी-१२ साधारण अर्धा मायक्रोग्रॅम, एवढ्याने रिकामी झालेली टाकी भरत नाही. म्हणजे तुम्ही अंडं खाल्लं असतं तरी गोळीच लागली असती.

तुमच्या बाबतीत तीन गोष्टी एकत्र आल्यात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ शोषलं जाणं कमी होतं, ॲसिड कमी करणाऱ्या रोजच्या गोळीनेही तेच होतं, आणि त्यात खाण्यातून येणारं मासे-मटण थांबलं. गोळ्या स्वतःहून बंद करू नका, मेटफॉर्मिन चांगलं औषध आहे, फक्त डॉक्टरांना ॲसिडिटीची गोळी अजून लागते का ते विचारा. या आठवड्यातच बी-१२ ची रक्ततपासणी करून घ्या. मुंग्या शुगरमुळेही येतात म्हणून पाय डॉक्टरांना दाखवायचेच, तोल जातोय म्हणजे तर थांबायचंच नाही. फार कमी निघालं तर आधी इंजेक्शन देतात, मग गोळ्या. एक महत्त्वाचं, कुणी नुसती फॉलिक ॲसिडची गोळी दिली असेल तर सांगा, कारण बी-१२ कमी असताना फक्त ती घेतली तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

आणि ही गोळी शाकाहारी आहे का, हे तुम्ही विचारलं नाही पण मनात असणार. बी-१२ जंतूंच्या मदतीने आंबवून बनवतात, प्राण्यांपासून काढत नाहीत. कॅप्सूलचं कवच मात्र बऱ्याचदा जिलेटिनचं असतं, म्हणून मेडिकलवाल्याला साधी गोळी द्या म्हणून सांगा.

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची, इंस्टावर बघून व्हीगन झालीये. चिकन सोडलं ते ठीक, पण दूध, दही, तूपसुद्धा बंद. हिमोग्लोबिन ९ वर आलंय, पाळीत खूप त्रास. ओरडले की रडते. काय करू? (ठाणे)

उत्तर : ओरडू नका, या वयात प्राण्यांचा विचार करणारी पोरगी आहे, वाईट काहीच नाही त्यात. पण तिला माझ्या वतीने सांगा की व्हीगन राहायचं तर जरा अभ्यास करून राहा, नुसतं बटाटा चिप्स आणि मैद्याच्या पास्त्यावर नाही, तेही व्हीगनच असतं म्हणून.

हिमोग्लोबिन ९ म्हणजे आधी डॉक्टर, लोहाच्या गोळ्या, आणि पाळीत रक्त जास्त जातंय का याची तपासणी. सगळा दोष चिकन सोडल्याला देऊ नका, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका ॲनिमिक आहेत असं २०१९-२१ च्या सरकारी सर्वेक्षणात निघालंय आणि त्यात मांसाहारी भरपूर आहेत. मांसातलं लोह शरीराला पटकन लागतं, भाजी-डाळीतलं कमी लागतं, हे खरं. म्हणून त्याला मदत लागते, उसळीवर लिंबू पिळायचं, कडधान्य भिजवून मोड आणायचे, आणि जेवणाबरोबर चहा-कॉफी बंद, तासभर तरी अंतर ठेवायचं. अळीव, तीळ, काळे मनुके, लोखंडी कढईत केलेली भाजी, आजीकडे जे होतं तेच सगळं व्हीगन आहे (अळिवाच्या लाडवात तूप घालू नका एवढंच). कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ रोज, कारण २०२० मध्ये आलेल्या ब्रिटिश अभ्यासात व्हीगन लोकांत हाडं मोडण्याचं प्रमाण जास्त दिसलं होतं आणि तिची हाडं अजून घडतायत. जवसाची चटणी. सोयाचं दूध, कॅल्शियम घातलेलं. आणि बी-१२ ची गोळी यात चॉइस नाही, ती घेत नसेल तर व्हीगन राहायला माझी परवानगी नाही असं सांगा, माझ्यावर ढकला.

प्रश्न : वय २४, जिम करतो, वजन ७०. रोज आठ अंडी, अर्धा किलो चिकन ब्रेस्ट, पोळी-भाजी बंद. मसल येतायत पण पोट साफ होत नाही. (नाशिक)

उत्तर : भावा, कसं होईल? चिकन आणि अंड्यात फायबर शून्य असतं. तुझ्या व्यायामाला ८५ ते ११० ग्रॅम प्रोटीन पुरतं, तू दीडशेच्या वर खातोयस, पैसे पण उडवतोयस. चिकन अर्धं कर, त्या जागी मोठी वाटी उसळ, काकडी-गाजराची कोशिंबीर, ज्वारीची भाकरी, एक पेरू. पाणी पी.

प्रश्न : मुलाच्या डब्यात रोज सलामी किंवा सॉसेज सँडविच देते, प्रोटीन मिळतं म्हणून. चालेल ना? (डोंबिवली)

उत्तर : रोज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ मध्ये सलामी-सॉसेजसारखं प्रोसेस्ड मांस कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं, रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्के वाढतो. घरचं चिकन तुकडे करून पोळीत गुंडाळून द्या, ऑम्लेट द्या, नाहीतर मुगाचं धिरडं.

प्रश्न : आमच्याकडे मासे म्हणजे रोजचं जेवण. बीपी निघालं तर डॉक्टर म्हणाले नॉनव्हेज कमी करा. मग मासेपण बंद करू का? (मालवण)

उत्तर : मालवणात मासे बंद करून खाणार काय तुम्ही! डॉक्टरांना पुन्हा एकदा स्पष्ट विचारा, बहुतेक त्यांचा रोख मटणावर असणार. वर सांगितलेल्या ब्रिटनच्या अभ्यासात मासे खाणाऱ्यांना हृदयरोग मांस खाणाऱ्यांपेक्षा १३ टक्के कमी होता. बांगडा आणि तारली यात ओमेगा-३ (हृदयाला चांगली मानली जाणारी चरबी) चांगलं असतं आणि ते सुरमई-पापलेटपेक्षा स्वस्तही मिळतात. फक्त रोज रवा लावून तव्यात पोहायला सोडू नका, तिरफळ घालून केलेलं बांगड्याचं तिखलं किंवा साधं सार करा, नारळ बेताने. घरात कुणी गरोदर असेल तर मोरीसारखा मोठा मासा तिला नको, मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो. बीपीवाल्याचा खरा वैरी सुकट, सुके बोंबील आणि खारा बांगडा, मिठाने भरलेले. ते पावसाळ्यात कधीतरी, आधी पाण्यात भिजवून, पाणी दोनदा बदलून, आणि त्या दिवशी ताटात पापड-लोणचं नको.