जगातील सर्वोत्तम घोडेप्रशिक्षक कोण, हे देशोदेशींच्या तुलनेतून ठरवता येईल का?

केवळ विजय मोजून ही तुलना करू नये. आयर्लंडच्या एडन ओब्रायन यांनी २०१७ मध्ये सर्वोच्च श्रेणीच्या २८ शर्यती जिंकून विश्वविक्रम केला. परंतु त्यांच्या तबेल्यात कूलमोर या घोडेपैदास केंद्राचे निवडक, उत्तम वंशाचे घोडे असतात, आणि आमच्या नागपूरकडच्या शंकरपटातही बैलजोडी पाहिल्याशिवाय हाकणाऱ्याचे कौतुक कोणी करत नाही. हाँगकाँगमध्ये घोडे आयात होतात, प्रत्येक प्रशिक्षकाकडील घोड्यांची संख्या मर्यादित असते आणि बहुतेक शर्यती हँडिकॅप, म्हणजे कामगिरीनुसार घोड्यावर वजन लादणाऱ्या, असल्यामुळे जिंकणाऱ्या घोड्यावरचे वजन पुढे वाढत जाते; म्हणून तिथे अनेकदा अव्वल ठरलेले जॉन साइझ मला अधिक थोर वाटतात. ऑस्ट्रेलियाच्या क्रिस वॉलर यांच्या विंक्स या घोडीने सलग ३३ शर्यती जिंकल्या. भारतात मी पेसी श्रॉफ यांचे नाव घेईन.