वर्कशॉपमध्ये मांजराचं पिल्लू आलंय, ठेवू का?

प्रश्न: डॉक्टर नमस्कार, भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक मिलिंग, चार पोरं कामाला. परवाच्या पावसात स्क्रॅपच्या ढिगामागे मांजराचं पिल्लू सापडलं, आईची वाट बघितली पण ती काही आली नाही. पोरं वाटीत दूध देतात, पितं पण हगवण लागलीय. माझ्या आईला दमा आहे म्हणून घरी नेता येत नाही. इथे उंदीर फार झालेत, वायरी कुरतडतात, म्हणून वाटतं इथेच ठेवावं. जगेल का ते? की मार्केटजवळ नेऊन सोडू?

उत्तर: ठेवा हो, आणि मार्केटजवळ सोडायचा विचार डोक्यातून काढूनच टाका, एवढंसं पिल्लू तिथे कुत्र्यांच्या तावडीतून वाचत नाही.

पहिलं म्हणजे दूध आजच बंद. गायी-म्हशीचं दूध बऱ्याच मांजरांना पचत नाही, हगवण बहुतेक त्यानेच लागलीय, पण जंत पण असू शकतात. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच जागेवर गेली नाही तर अंगातलं पाणी कमी झालंय असं समजा आणि आजच्या आज पशुवैद्याकडे न्या, कारण एवढी पिल्लं सकाळी खेळताना दिसतात आणि संध्याकाळी मान टाकतात. जाताना वजन करून न्या, जंताचं औषध वजनावरच देतात. वयाचा अंदाज पण वजनावरून येतो, साधारण आठवड्याला 100 ग्रॅम, म्हणजे अर्धा किलो भरलं तर पाचेक आठवड्यांचं. वाटीतून पितंय म्हणजे बाटलीची गरज नसावी. बिनमिठाचं चिकन उकडून, बारीक करून, त्याच्याच कोमट पाण्यात कालवून दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या, किंवा मांजराच्या पिल्लांचं कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवून. पुढे मोठं झाल्यावरही नुसत्या दूध-पोळीवर ठेवू नका. मांजराला टॉरिन नावाचा घटक मांस-मासळीतूनच मिळतो, तो कमी पडला की डोळे जातात, हृदय कमजोर होतं. कुत्र्याच्या खाण्यातही तो पुरेसा नसतो.

आता वर्कशॉपचं. मोठं मांजर वर्कशॉपमध्ये मजेत राहतं पण पिल्लू नाही, म्हणून निदान पाच-सहा महिने त्याला तुमच्या केबिनमध्येच ठेवा. खोक्यात गोणपाट किंवा जुना टॉवेल घाला, मशीन पुसायचं कॉटन वेस्ट नको, त्याला तेल असतं. एका घमेल्यात वाळू ठेवा, मांजर स्वतःहूनच तिथे जायला शिकतं.

शॉप फ्लोअरवर मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती कूलंटची, म्हणजे मशीन थंड ठेवायच्या पाण्याची. लेथचं कूलंट पाण्यात मिसळलं की दुधासारखं पांढरं दिसतं, खाली ट्रेमध्ये साचतं, आणि तहानलेलं पिल्लू ते चाटतं. त्याहून घातक म्हणजे जनरेटरच्या आणि गाड्यांच्या रेडिएटरमधलं कूलंट, त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोडसर, चमचाभर पोटात गेलं तरी किडन्या निकामी होऊन मांजर जातं. सांडलं की लगेच पुसायचं हे पोरांना नीट सांगा. अंगाला तेल लागलं तर भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात धुवा, डिझेल, रॉकेल, थिनर अजिबात नाही, मांजर अंग चाटून साफ करतं म्हणजे लागलेलं सगळं पोटातच जातं. फरशीला फिनाईल नको. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच नको, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते. मोटरची ऊब मांजराला आवडते, तेव्हा मशीन चालू करण्याआधी खाली वाकून बघायचं आणि टेम्पोच्या बॉनेटवर थाप मारायची ही सवय सगळ्यांनाच लावा.

उंदरांचं म्हणाल तर पिल्लाकडून पुढचे चार-पाच महिने अपेक्षाच नको, आणि घूस असेल तर मोठं मांजरही सहसा तिच्या वाट्याला जात नाही. बिळं बुजवा, डब्यातलं उरलेलं उघड्यावर ठेवू नका. उंदराचं औषध आणि चिकटपट्टी मात्र आजपासून बंद, औषध खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर विष त्याच्याही पोटात जातं. आणि उपाशी ठेवलं की जास्त उंदीर मारेल हे खरं नाही, पोट भरलेलं मांजरही शिकार करतं, उपाशी मांजर फक्त दुसरीकडे निघून जातं. गुरुवारी तुमच्याकडे सुट्टी, तेव्हा खायला कोण घालणार ते आधी ठरवा. ते ठरत नसेल तर सांभाळणारं घर शोधा, असं मी स्पष्टच सांगेन.

लसी आठ-नऊ आठवड्यांपासून सुरू होतात, रेबीजची तीन महिन्यांनंतर, मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. तोवर कुणाला ओरखडलं किंवा चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं, पिल्लू आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. पाचव्या महिन्याच्या आसपास नसबंदी करा आणि त्यानंतरच केबिनचं दार उघडा. आईच्या दम्यासाठी, वर्कशॉपचे कपडे तिथेच बदलून घरी जा, मांजराची ॲलर्जी कपड्यांवरून घरात येते.

प्रश्न: चिपळूणजवळ आमची वाडी आहे. एक भाटी (मांजरी) अंगणात येऊन जेवते पण हात लावू देत नाही. यंदा पुन्हा व्याली, पिल्लं अजून पितात. नसबंदीचं ऑपरेशन आत्ता होईल का?

उत्तर: पिल्लं आठेक आठवड्यांची होऊन स्वतः खायला लागली की लगेच करा, पण त्यापुढे लांबवू नका, कारण पिल्लं पीत असतानाही भाटी पुन्हा गाभण राहू शकते आणि साधारण दोन महिन्यांत परत वितेच. हाताने पकडायला जाऊ नका, चावेल. जवळच्या प्राणीमित्रांकडून पिंजरा मागून आणा, दोन-चार दिवस दार बांधून उघडं ठेवून त्यातच जेवण द्या म्हणजे भीती जाईल. मग ज्या दिवशी न्यायचं त्याच्या आदल्या संध्याकाळी जेवण न देता सकाळी पिंजऱ्यात सुकटाची वाटी ठेवा, वासाने येईल, पण दार पडल्या पडल्या वाटी काढून घ्या आणि काही खाल्लं असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, भूल द्यायची असते. पिंजऱ्यावर चादर टाका, अंधारात ती शांत बसते. भूल असतानाच डॉक्टरांना कानाचं टोक किंचित कापायला सांगा, ती ऑपरेशन झालेल्या मांजराची खूण आहे, नाहीतर पुढे कुणीतरी तिला परत धरून नेईल. एक-दोन दिवस बंद खोलीत ठेवा आणि मग तुमच्याच अंगणात सोडा.