फी नोकरीतून निघते का?

प्रश्न : मुलगा बीएस्सी ॲग्री झाला. आता एमएस्सीले इंग्लंडला जातो म्हणते. एजंट सांगते, 'काका, पोरगा तिथं पार्ट टाइम करून फी काढून घेईल, तुम्ही फक्त पहिला हप्ता भरा.' त्यासाठी चार एकर वावर गहाण टाकू काय? कपाशीचं तर तुम्हाले माहीतच आहे.
– एक बाप, ता. दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, फी निघत नाही. आधी हे ऐका, मग बाकीचं.

पदवी किंवा त्यावरच्या कोर्सला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. एप्रिल २०२६ पासून २१ वर्षांवरच्यांना तिथला किमान दर ताशी १२.७१ पौंड आहे. पूर्ण वीस तास मिळाले तरी चार आठवड्यांचे हजार पौंड आणि वर चिल्लर. इकडे लंडनबाहेर राहण्याखाण्याला महिना १,१७१ पौंड लागतात, असं व्हिसा देताना तिथलं सरकारच धरतं आणि नऊ महिन्यांची ती रक्कम २८ दिवस खात्यात दाखवायला लावतं. जिथं पोटालाच पुरत नाही, तिथं फी कुठून काढता?

शिवाय वीस तास मिळतीलच असं नाही. मी आर्वीहून लीड्सला शिकायला गेले तेव्हा एका हॉटेलच्या किचनमध्ये भांडी घासायची. पुढच्या आठवड्याच्या पाळ्या रविवारी रात्री मोबाइलवर यायच्या. डिसेंबरात फोनवर फोन, जानेवारीत कोणी विचारतही नव्हतं. मॅनेजर म्हणायचा, मागच्या आठवड्यात आठच तास झाले, आता बत्तीस कर. तसं चालत नाही. हिशोब सोमवार ते रविवार असतो, सरासरी काढत नाहीत, आणि नियम मोडला तर व्हिसावर बेतते. मित्राच्या डिलिव्हरी ॲपच्या खात्यावरून घरोघरी जेवण पोचवणं तर त्याहून वाईट. तो स्वतःचा धंदा धरला जातो, विद्यार्थ्याला त्याची मनाईच आहे. आपली पोरं नेमकी इथंच फसतात, कारण पैसे लगेच हातात पडतात.

'उन्हाळ्यात फुल टाइम करेल' असंही एजंटानं सांगितलं असेल. ते पदवीच्या पोरांचं. एमएस्सीवाल्यांचा उन्हाळा सहसा प्रबंधात जातो आणि तो सत्रातच मोजतात.

म्हणून नोकरीचा एक पौंडही न धरता कर्जाचा हिशोब मांडा. तसा बसत असेल तर बँकेत जा, नाही तर वावराला हात लावू नका. नोकरी मिळालीच तर किराणा, बसचा पास निघेल, तेवढंच.

पोराला जर्मनीचंही बघू द्या. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य सोडून) आणि वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं. मात्र व्हिसासाठी खात्यात ११,९०४ युरो अडकवून ठेवावे लागतात, तेही काही कमी नाहीत.

पुढचं पत्र पोरालाच लिहायला सांगा. कोर्स, शहर आणि पूर्ण वर्षाची फी, तिन्ही लिहून पाठव म्हणा.