सॅन (सर्व्हरना सामायिक डिस्क देणारं वेगळं स्टोरेज नेटवर्क) नसताना दोन सर्व्हरच्या विंडोज फेलओव्हर क्लस्टरला (एक बसला की दुसरा काम उचलतो अशी जोडी) शेअर्ड स्टोरेज कुठून द्यावं?

दोन्ही सर्व्हरवर डेटासेंटर एडिशन असेल तर स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट. स्टँडर्ड असेल तर दोन कंट्रोलरवाला एसएएस (थेट केबलने जोडायचा) किंवा आयस्कझी (नेटवर्कवरून जोडायचा) डिस्क अ‍ॅरे घ्या.

पहिल्यात (विंडोज सर्व्हर २०१६ पासून) वेगळी पेटी लागतच नाही, सर्व्हरमधल्याच डिस्कवर डेटाची प्रत दोन्हीकडे राहते. मात्र रेड कार्डाऐवजी साधं एचबीए (डिस्क जशाच्या तशा विंडोजला दाखवणारं कार्ड) आणि किमान १० गिगाबिट नेटवर्क लागतं. अ‍ॅरे घेताना विक्रेत्याला एकच विचारा: एससीएसआय-३ परसिस्टंट रिझर्व्हेशन आहे का? डिस्कचा ताबा कोणत्या नोडकडे (क्लस्टरमधल्या सर्व्हरकडे), हे त्यावरच ठरतं. ते नसेल तर व्हॅलिडेशन विझार्डमध्ये (क्लस्टर उभा करण्याआधीची तपासणी) स्टोरेजची टेस्ट नापास होते, आणि स्वस्तातला नॅस (नेटवर्कवरची स्टोरेज पेटी) बहुधा इथेच अडकतो. आयस्कझीसाठी टीमिंग (दोन नेटवर्क कार्डं एक म्हणून वापरणं) करू नका. दोन वेगळ्या सबनेटमधली दोन नेटवर्क कार्डं देऊन एमपीआयओ (एकाच डिस्कपर्यंत अनेक मार्गांनी पोहोचण्याची विंडोजची सोय) लावा.

जुन्या सर्व्हरवर विंडोजचाच आयस्कझी टार्गेट रोल चढवला तरी क्लस्टर उभा राहतो. पण तो एक सर्व्हर बसला की दोन्ही नोड बसले, मग क्लस्टर केला कशाला? सरावापुरतं ठीक.

दोनच नोड असल्याने विटनेस (नोडचा संपर्क तुटला तर निर्णायक ठरणारं तिसरं मत) मात्र हवाच. तिसऱ्या मशीनवरचं फाइल शेअर पुरतं.

फक्त एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) चालवायचा असेल तर शेअर्ड स्टोरेजचं हे सगळं सोडा. ऑलवेज ऑन अ‍ॅव्हेलेबिलिटी ग्रुपला शेअर्ड डिस्क लागत नाही, प्रत्येक सर्व्हरवर डेटाबेसची आपली प्रत असते. एसक्यूएलच्या स्टँडर्ड एडिशनमध्ये मात्र एका ग्रुपमध्ये एकच डेटाबेस बसतो.