वाचकांचे प्रश्न : मोठा कोई कसा घडतो?

प्रश्न : आमच्या बंगल्यातील हौदात चार वर्षांपासून कोई हे शोभेचे रंगीत मासे आहेत. खाद्य भरपूर घालूनही ते फूटभराच्या पुढे वाढत नाहीत. जपानमध्ये हेच मासे 80 सेंटिमीटरच्या वर जातात. तेथे कोणते खाद्य देतात? – एक वाचक, पुणे

उत्तर : आपण खाद्याचा प्रश्न पहिला विचारलात, जपानी उत्पादक तो बहुधा शेवटी विचारतील. माशाची लांबी प्रथम त्याच्या वंशावर आणि लिंगावर ठरते. मोठी होणारी कोई जवळजवळ नेहमी मादी असते. नराचे रंग लवकर भरतात, तो लहानपणीच पूर्ण झालेला दिसतो आणि म्हणून दुकानात नेमका तोच आपल्या नजरेत भरतो. मादीचे अंग मात्र रुंद होत जाते आणि तिची नक्षी उमलायला काही वर्षे लागतात. 2018 साली हिरोशिमा प्रांतातील साकाई यांच्या मत्स्यकेंद्रात वाढलेली ‘एस लेजंड’ नावाची कोहाकू, म्हणजे पांढऱ्यावर लाल नक्षीची कोई, लिलावात 20 कोटी येनहून अधिक किमतीला विकली गेली. सुमारे एक मीटर लांबीची ती मादीच होती.

वंशानंतर जागा येते. नीगाता प्रांतातील ओजिया आणि यामाकोशी या डोंगराळ भागांत, जेथे 19व्या शतकाच्या पूर्वार्धात या माशाची रंगीत पैदास सुरू झाली, तेथे निवडक मासे उन्हाळ्याच्या तोंडावर मातीच्या तळ्यांत सोडतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास, बर्फ पडण्यापूर्वी, बाहेर काढतात. त्या तळ्यांत पाणी भरपूर आणि मासे मोजके असतात. वरून दिलेल्या खाद्याखेरीज प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), किडे आणि तळाच्या चिखलातील जीव त्यांना दिवसभर मिळत राहतात. आपल्या हौदात बहुधा याच्या उलट स्थिती असावी. गर्दीत वाढलेल्या माशाचे पहिले दोन-तीन हंगाम वाया गेले, तर पुढे कितीही प्रथिनयुक्त खाद्य दिले तरी ती तूट पूर्णपणे भरून निघत नाही. उलट न खाल्लेल्या खाद्यातून आणि विष्ठेतून अमोनिया वाढतो, आणि पाणी जितके उष्ण व अल्कधर्मी, तितका तो अधिक विषारी ठरतो. त्यामुळे खाद्याचा डबा उघडण्यापूर्वी माशांची संख्या निम्मी करावी, गाळणयंत्रणा मोठी करावी आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलावे; नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढूनच ते हौदात घ्यावे.

आपल्याकडील उबदार हवामान वाढीला अनुकूल वाटते आणि काही अंशी ते तसे आहेही, कारण नीगातातील थंडीत माशाचे खाणे जवळजवळ थांबते, तर पुण्यात ते बाराही महिने चालू राहते. परंतु पाणी 20 अंश सेल्सिअस असताना त्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांना जेमतेम साडेसात. म्हणून एप्रिल-मेमध्ये रात्रभर हवेचा पंप चालू ठेवणे अत्यावश्यक आहे. शिवाय घाईने वाढवलेल्या माशाचा लाल रंग पातळ पडण्याचा धोका असतो. लांबी आणि रंग एकाच वेळी सांभाळणे हीच या व्यवसायातील खरी अडचण असून, माझ्या मते हौशी पाळणाऱ्याने रंगाच्या बाजूने झुकते माप द्यावे.

प्रश्न : शेततळ्यात कोईच्या उत्तम जोडीपासून पैदास घेतली, पण पिल्ले बहुतेक करडी किंवा कोरी पांढरी निघाली. आमची जोडीच खोटी होती का? – एक शेतकरी, बारामती

उत्तर : जोडी खोटी असेलच असे नाही. कोई म्हणजे आपले मत्स्यशेतकरी ज्याला सायप्रिनस (कॉमन कार्प) म्हणतात त्याच माशाचा रंगीत प्रकार, आणि त्याची नक्षी आईबापांकडून पिल्लाकडे जशीच्या तशी उतरत नाही. मादी वजनाच्या किलोमागे सुमारे एक लाख अंडी देते; त्यातून ठेवण्याजोगी पिल्ले फारच थोडी निघतात, हे जपानी उत्पादकाने गृहीतच धरलेले असते. त्याचे कौशल्य जोडी लावण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, काढून टाकण्यात दिसते.

तेथे साधारण मेअखेरीस वा जूनमध्ये, पाणी 20 अंशांच्या आसपास आले की एका मादीबरोबर दोन-तीन नर सोडतात. अंडी कृत्रिम तंतूंच्या झुपक्यांना चिकटतात आणि चार-पाच दिवसांत फुटतात. मत्स्यजिरे, म्हणजे नुकतीच निघालेली पिल्ले, सोडायचे तळे आधीच खत घालून तयार केलेले असते, म्हणजे तोंड उघडताच त्यांना प्राणिप्लवंग मिळतात. पुढची निवड जातीनुसार वेगळी असते. शोवा या काळ्या-लाल-पांढऱ्या जातीची पिल्ले अंड्यातून निघाल्यावर काही दिवसांतच तपासतात आणि केवळ काळपट तेवढी ठेवतात. कोहाकू आणि सांके (पांढऱ्यावर लाल-काळी नक्षी असलेली जात) यांच्यासाठी मात्र नक्षी उमटेपर्यंत थांबावे लागते, आणि तिथपासून शरद ऋतूपर्यंत तीन-चार वेळा जाळे फिरवून वाकड्या कण्याची, वेड्यावाकड्या तोंडाची, कोरी आणि सर्वस्वी लाल पिल्ले बाजूला काढतात. दरवेळी तळ्यातील गर्दी कमी होत असल्यामुळे उरलेली पिल्ले झपाट्याने वाढतात. आपण सगळी पिल्ले एकाच शेततळ्यात बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची, होईपर्यंत ठेवली असतील, तर भराभर वाढणाऱ्या करड्या पिल्लांनी रंगीत भावंडांचा घास खाल्लेला असणार.

मूळ जोड्यांना तेथे किती मोल आहे, हे 2004 साली दिसले. त्या वर्षी 23 ऑक्टोबरच्या भूकंपानंतर यामाकोशी गाव रिकामे करावे लागले, तेव्हा वाचलेले मौल्यवान कोई हेलिकॉप्टरने बाहेर काढण्यात आले; एका वर्षाची पिल्ले पुन्हा मिळतात, पण वर्षानुवर्षे जपलेला वंश गेला तर तो विकत मिळत नाही. आपणही खरेदी करताना नक्षीपेक्षा वंशाची आणि त्या माशाच्या भावंडांची चौकशी करावी.

प्रश्न : नको असलेली पिल्ले नदीत सोडली तर चालतील का? – हेच शेतकरी

उत्तर : नाही. सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि स्थानिक माशांच्या खाद्यात वाटेकरी होतो. शिवाय कोई हर्पिस विषाणूसारखा रोग, जो 2003 साली जपानमधील कासुमिगाउरा सरोवरात खाण्यासाठी पाळलेल्या माशांत पसरला, अशा सोडलेल्या माशांतून नदीत जाऊ शकतो. मरळ हा मांसाहारी मासा पाळणारा शेतकरी जवळपास असेल, तर निरोगी पिल्ले त्याला खाद्य म्हणून द्यावीत.